आधी झाड दाखवा

इंदूरमध्ये ‘बीअर गार्डन’ची, म्हणजे उघड्यावर बसून बीअर प्यायच्या जागेची, पाटी दिसली की मी आधी मान वर करतो. वर झाड असेल तर खुर्ची ओढायची. पत्रा किंवा उलट्या टांगलेल्या रंगीत छत्र्या असतील, तर आल्या लिफ्टने खाली. हो, लिफ्टच; विजयनगरकडची कित्येक गार्डनं पाचव्या मजल्यावर असतात. तिथली हिरवळ प्लास्टिकची, चौरस फुटाच्या भावाने आणलेली. मे महिन्यात दिवसभर तापलेली ती लॉन संध्याकाळी सातलाही चपलेतून धग पोचवते.

ज्यांनी हा प्रकार काढला, त्या जर्मनीतल्या बव्हेरियाच्या लोकांना झाडाची गरजच होती. १५३९ च्या नियमाने तिकडे २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बीअर बनवायची मुभा होती. उन्हाळ्यापुरता साठा गार राहावा म्हणून तळघरं खोदली, वर खडी पसरली आणि हॉर्स चेस्टनटची झाडं लावली. सावली दाट, आणि मुळं उथळ, म्हणजे तळघराच्या कमानीला धक्का नाही. लोक तिथेच बसून प्यायला लागले. खाणावळवाल्यांनी ओरड केली, तेव्हा ४ जानेवारी १८१२ ला राजा पहिला मॅक्सिमिलियन याने निवाडा दिला: तळघरावर बीअर विका, पण ब्रेडखेरीज खायला काही द्यायचं नाही. मग लोक घरून डबे आणू लागले. म्युनिकच्या जुन्या गार्डनांत आजही स्वतःचा डबा उघडता येतो.

हा नियम खरं तर इंदूरसाठीच व्हायला हवा होता. इथल्या माणसाच्या पिशवीत लसूण शेव नसेल तर तो पाहुणा समजावा. पण आपल्याकडे दारातच ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’, आणि आत मसाला पापडाचा भाव असा, की तो चौघांत मोडून खाताना तुकडे मोजावेत.

झाडांत कडुलिंब उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये त्याची फुलं ग्लासात पडतात, पण पाडव्याच्या सुमाराला कडुलिंब पोटात जायलाच हवा, आणि बीअर तशीही कडूच. पिंपळाखाली मात्र बसू नये. पक्षी वर झोपायला येतात ती वेळ आणि आपली वेळ एकच.

हंगाम ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात दिव्याखालचं टेबल घेतलं की पाकोळ्याच पिऊन जातात. उन्हाळ्यात पाण्याचे तुषार उडवणारे पंखे लावतात. त्यांच्या झोतात पापडाची चादर होते. हिवाळ्यात हवा मस्त, पण शेजारी मॅरेज गार्डन नाही ना, हे आधी बघा. देवउठनी (कार्तिकी) एकादशीनंतर लग्नं सुरू झाली की तिथला बँड आणि इथला डीजे एकाच वेळी वाजतात, आणि ऑर्डर घेणारा पोरगा ‘व्हीट’च्या (गव्हाच्या बीअरच्या) जागी ‘मीठ’ ऐकतो.

आता बीअर. ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील, तर तो नीट धुतलेला नाही. बेलाशक बदलून मागा. दोन बोटं फेस हवाच. अर्धा ग्लास फेस आला, तर बहुधा पिंपातून बीअर आणणारी नळी गरम आहे किंवा दाब चुकलाय. दुपारी दार उघडताच पहिला ग्लास आपण घेऊ नये, नळीत रात्रभर साचलेली बीअर त्यातच येते. व्हीट बीअरला केळं आणि लवंगेचा वास येतो; तो यीस्टचा, भांडू नका. लोण्याचा वास आला तर बनवताना घाई झाली आहे, आणि व्हिनेगरसारखा आंबूस आला तर नळ्या धुतलेल्या नाहीत. तिथे चकली मागवून उठावं. उन्हातल्या टेबलावर हिरव्या बाटलीतली बीअर घेऊ नये. प्रकाशाने हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) बिघडतात आणि काही मिनिटांत कुबट वास धरतो. तपकिरी बाटली बरीच तग धरते. टॉवर, म्हणजे टेबलावर ठेवायचा तोटीचा उंच नळकांडा, चौघांपेक्षा कमी जणांत मागवू नका, शेवटचा ग्लास कोमट सरबत होतो.

टेबल भिंतीकडचं घ्यावं, जनरेटरकडचं नव्हे. इंदूरच्या मराठी मंडळींचा विस्तार एवढाच, की शेजारच्या टेबलावर रामबागेतल्या मराठी वस्तीतले कुणी ना कुणी काका निघतातच. दोघांनीही मोबाइलमध्ये डोकं घालायचं, हा इथला शिष्टाचार. काकूंचं नाव काढायचं नाही.

बिल आलं की चष्मा लावा. बीअरवर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. बीअरवरच दोन्ही लावलेले दिसले तर विचारा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो. ‘भिया, ये हटा दो’ एवढं शांतपणे म्हटलं की पुरतं.

गाडी घरीच ठेवावी. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच खेपेला १०,००० रुपयांपर्यंत दंड होतो, कैदही होऊ शकते. रिक्षा बरी, आणि ती घराकडे नव्हे, सराफ्याकडे, रात्रीच्या खाऊबाजाराकडे वळवायची. तिथली खाण्याची गाडी सोनारांची दुकानं बंद झाल्यावर रुळावर येते, म्हणून साडेदहाला उठलेलं बरं. थंडी असेल तर आधी गराडू (तळलेला कंद), मग भुट्ट्याचा कीस. काका तिथेही भेटतील. तिथे मात्र ओळख द्यायची.