कळा भीतीने येत नाहीत

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला वर्गातल्या पाच जणींनी पाठवला. पाचही पहिलटकरणी. मजकूर थोडक्यात असा: ‘प्रसूतीच्या वेदना म्हणजे मनातल्या भीतीचा खेळ. आपल्या आज्या शेतात बाळंत व्हायच्या आणि दुपारी परत कामाला लागायच्या. हिप्नोबर्थिंग शिका, दुखणार नाही, सिझेरियन टळेल, पाठीतलं इंजेक्शन घ्यावं लागणार नाही. शरीराला सगळं माहीत असतं, फक्त विश्वास ठेवा.’

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हिप्नोबर्थिंग म्हणजे संमोहनाच्या मदतीने बाळंतपण. सातारा जिल्ह्यात गर्भवतींचे वर्ग घेते आणि त्यात हीच संमोहनाची तंत्रं शिकवते. लांब उच्छ्वास, जबड्यापासून पायापर्यंत अंग सैल सोडणं, डोळे मिटून आपल्या ओळखीच्या एखाद्या जागी जाणं, आणि खांद्यावर ठरलेला हात पडला की त्या जागी परत पोचणं. या विद्येचा उपयोग मी रोज बघते. म्हणूनच तिच्या नावाने फिरणाऱ्या या मजकुराला ओळीओळीने उत्तर द्यायचं आहे.

‘वेदना म्हणजे भीतीचा खेळ.’ या वाक्याचं मूळ ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांच्या विचारात आहे. १९३०च्या दशकात त्यांनी मांडलं की भीतीने अंग आखडतं, आखडलेलं अंग जास्त दुखतं आणि जास्त दुखलं की भीती वाढते. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत मेरी मोंगन यांनी याच धाग्यावर हिप्नोबर्थिंगची पद्धत बांधली. भीतीने दुखणं वाढतं, इथपर्यंत बरोबर आहे. पण वाढतं म्हणजे आधी असतंच ना! गर्भाशय हा दणकट स्नायू आहे. तो आवळतो, त्याच्या तोंडाला दहा सेंटीमीटरपर्यंत उघडायचं असतं, बाळाचं डोकं ओटीपोटातून खाली सरकत असतं आणि या सगळ्याची खबर मज्जातंतू मेंदूला देत असतात. अगदी निर्धास्त बाईलाही कळा येतात.

मग संमोहन करतं काय? १९९७ मध्ये कॅनडात झालेला एक प्रयोग मी वर्गात नेहमी सांगते. लोकांना सोसवेल-न सोसवेल अशा कढत पाण्यात हात घालायला लावले आणि संमोहनात सुचवलं, की याचा त्रास आता कमी वाटेल. पाणी तेवढंच कढत होतं आणि दुखणं किती तीव्र आहे हे लोक जवळपास तेवढंच सांगत होते, पण त्याचा जाच कमी झाला. मेंदूच्या चित्रांतही तसंच दिसलं: जाचाशी निगडित भागातली हालचाल बदलली, स्पर्श आणि वेदना नोंदवणाऱ्या भागातली तशीच राहिली. मला हे फार मोलाचं वाटतं. दुखणं राहतं, जाच हलका होऊ शकतो.

आपल्याकडे ‘थोडी कळ काढ’ म्हणतात. एक कळ साधारण मिनिटभराची, मग दोन-तीन मिनिटांची उसंत. मी शिकवते ते एवढंच: ही एक कळ काढायची, आणि उसंतीत पुढच्या कळेची धास्ती घेत बसायचं नाही. ज्या बाईला ‘दुखणारच नाही’ असं सांगितलेलं असतं, ती पहिल्या जोरदार कळेलाच हबकते. आपलं काहीतरी बिघडलं असं तिला वाटतं आणि जिच्यापासून तिला वाचवायचं होतं, ती भीती तिथेच सुरू होते.

‘आज्या शेतात बाळंत व्हायच्या.’ काही जणी झाल्याही. पण आज्यांनी आपल्याला दिलेली भाषा जरा ऐका. ‘बाई अडली’, ‘मूल आडवं आलं’, पायांकडून जन्मला तो ‘पायाळू’. सगळं सुरळीत होत असतं तर या शब्दांची गरज कुणाला पडली असती? बाळंतपणाला बाईचा पुनर्जन्म म्हणायचे, ते उगाच नाही. स्वतःच्या घराची वंशावळ बघा. पणजोबांच्या नावापुढे दोन बायका असतात आणि पहिलीबद्दल विचारलं की उत्तर येतं, ‘ती बाळंतपणात गेली.’ माझ्या घरात हे आहे, तुमच्याही असेल. शेतातल्या बाळंतपणाची गोष्ट सांगायला उरल्या त्या वाचलेल्या आज्या. २०१८-२०च्या सरकारी आकडेवारीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. इथवर आपण पोचलो त्यात दवाखाना, रक्तपेढी, रक्तस्राव थांबवणारी औषधं आणि गरजेला झालेलं सिझेरियन यांचा वाटा आहे. आज्यांच्या धीराबद्दल मला आदर आहे. पण त्यांना पर्याय नव्हता, आणि पर्याय नसणं हा काही नातींना घालून द्यायचा आदर्श होऊ शकत नाही.

‘सिझेरियन टळेल, इंजेक्शन लागणार नाही.’ असं खात्रीने सांगायला आधार नाही. डेन्मार्कमध्ये १,२२२ पहिलटकरणींवर अभ्यास झाला, इंग्लंडमध्ये ६८० जणींवर. संमोहन शिकलेल्या आणि न शिकलेल्या बायकांमध्ये एपिड्युरल, म्हणजे पाठीतलं वेदनाशामक इंजेक्शन, घेण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये असे नऊ अभ्यास तपासले. संमोहन शिकलेल्यांनी एकूण वेदनाशामकं काहीशी कमी घेतली, पण नैसर्गिक प्रसूतीच्या प्रमाणात स्पष्ट फरक दिसला नाही. इंग्लंडच्या अभ्यासात एक चांगली गोष्टही आढळली. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी पाहिलं, तर शिकलेल्या बायकांना आधी वाटलं होतं त्यापेक्षा भीती आणि चिंता कमी जाणवली होती, आणि हा फरक न शिकलेल्यांपेक्षा जास्त होता. मला हे पुरेसं आहे. एवढंच सांगून वर्ग चालवता येतो.

सिझेरियनबद्दलचा राग मात्र मला समजतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. एवढा फरक काही बायकांच्या श्वासामुळे पडत नाही. तो प्रश्न दवाखान्याला विचारायचा आहे, आणि हा मजकूर तो बाईच्या मनावर ढकलतो. खरोखर उपयोगी पडणारी गोष्ट विचाराल तर ती आहे सतत जवळ असलेलं माणूस. १७ देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासांतून दिसलं, की पूर्ण वेळ सोबत मिळालेल्यांमध्ये नैसर्गिक प्रसूती जास्त आणि सिझेरियन कमी होतं. सरकारी दवाखान्यांत सोबतीण ठेवायला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ पासून मुभा दिली आहे. नाव घालायला जाल तेव्हाच विचारून ठेवा, ‘आई किंवा बहीण आत येऊ शकेल ना?’

आता हे लिहायला बसले त्याचं कारण. माझ्या वर्गातली एक मुलगी सातव्या महिन्यापासून रोज रात्री सराव करायची. एकही दिवस चुकवला नाही. तिच्या कळा चौदा तास चालल्या, मग बाळाचे ठोके घसरायला लागले आणि सिझेरियन करावं लागलं. बाळ सुखरूप. दीड महिन्याने ती मला भेटायला आली आणि तिचं पहिलं वाक्य होतं, ‘ताई, माझंच कुठेतरी चुकलं. मी घाबरले ना, म्हणून असं झालं.’ हे तिला मी शिकवलं नव्हतं. तो मजकूर तिच्या नणंदेने पाठवला होता. मी तिला विचारलं, ऑपरेशनच्या टेबलावर काय केलंस? म्हणाली, ‘हात थरथरत होते, मग तुमचा तो श्वास घेतला. आमच्या गावच्या नदीचा घाट डोळ्यांपुढे आणला. बाळ रडेपर्यंत तिथेच होते.’ मी म्हटलं, अगं, मग तू शिकलीस ते सगळं वापरलंस की!

‘इंजेक्शन घेणं म्हणजे हार’ असं मजकूर थेट म्हणत नाही, पण वाचणारीला तेच ऐकू येतं. त्याला जोडून कायमच्या कंबरदुखीची भीतीही घातली जाते. एपिड्युरलने रक्तदाब उतरू शकतो, ताप येऊ शकतो, जोर लावण्याचा टप्पा लांबू शकतो. हे डॉक्टरांकडून समजून घ्या. पण त्याने सिझेरियन वाढतं किंवा कंबर कायमची धरते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींत वेदना कमी करण्यासाठी श्वास-शिथिलीकरण आणि एपिड्युरल, दोन्ही आहेत, बाईने मागितलं तर. दोन्ही घेतलीत तरी चालतं.

‘शरीराला सगळं माहीत असतं.’ या ओळीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. अंगावरून रक्त जात असताना, बाळाची हालचाल मंदावली असताना, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येत असताना किंवा हिरवट पाणी गेलं असताना कुणी डोळे मिटून शांत पडून राहिली, तर तो वेळ परत मिळत नाही. यातलं काहीही दिसलं तर घरच्यांना उठवा, १०८ला फोन लावा, दवाखाना गाठा. श्वासाचा सराव गाडीत बसल्यावर करा.