‘फॅलँक्स नुसता दिखाऊ’ या एक तारा रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आमचा युद्धाचा गेम चाळीस तास खेळून मग एक तारा दिलात, म्हणजे राग वरवरचा नाही. तुमची तक्रार अशी, की रोमन तुकडी मागून आली की फॅलँक्स (लांब भालेवाल्यांची दाट रांगांची मॅसिडोनियन फळी) दोन मिनिटांत मोडतो आणि आम्ही रोमला झुकतं माप दिलंय.

मागून मोडतो हे खरं, आणि ते आम्ही मुद्दाम ठेवलंय. सारिसा हा पाच-सहा मीटरचा भाला, दोन्ही हातांनी धरायचा. सोळा रांगांनी तो घेऊन ऐन लढाईत मागे वळायचं कसं? इ.स.पू. १९७ मध्ये ग्रीसमधल्या किनोस्केफलाईच्या लढाईत मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याची उजवी फळी रोमनांना उतारावरून खाली रेटत होती. तेवढ्यात एका रोमन ट्रिब्यूनने (लष्करी अधिकाऱ्याने) वीस मॅनिपल (छोट्या तुकड्या) घेऊन तिची पिछाडी गाठली आणि जिंकत आलेली फळी कापली गेली. तुमच्याही लढाईत हेच झालेलं दिसतंय.

झुकत्या मापाचं मात्र मान्य नाही. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या हिशोबाने समोरासमोर एका रोमन सैनिकाला दहा भाल्यांची टोकं अंगावर घ्यावी लागत. गेममध्येही सपाट जमिनीवर समोरून लीजन (रोमन सैन्याची मोठी तुकडी) टिकत नाही, करून बघा. फक्त फॅलँक्सकडून कत्तलीची अपेक्षा ठेवू नका. त्याने शत्रूला जागेवर खिळवायचं, घाव घालायचा घोडदळाने. दोन्ही बगलांना हलकं पायदळ हवंच. उतार आणि झाडी टाळा, तिथे रांगांत फटी पडतात. पिडनाच्या लढाईत इ.स.पू. १६८ मध्ये रोमन अशाच फटींतून आत घुसले होते.

आता आमच्या चुका. शिकवणीच्या लढाईत शत्रू फक्त समोरून येतो, त्यामुळे फॅलँक्स अभेद्य आहे असाच समज होतो. शिवाय पळणाऱ्या शत्रूवर क्लिक केलं की तुकडी भाले टाकून तलवारी उपसते आणि स्क्रीनवर त्याची साधी सूचनाही येत नाही. हे माझ्याही लक्षात तुमचा रिव्ह्यू वाचून पुन्हा खेळलो तेव्हाच आलं. पुढच्या अपडेटमध्ये दोन्ही दुरुस्त करतोय.

पैसे परत हवे असतील तर सपोर्टला कळवा, वाद घालणार नाही. जमलं तर त्या लढाईची सेव्ह फाईलही पाठवा. तुमचं घोडदळ तेव्हा नेमकं कुठे होतं, ते बघायचंय.