टाळी उशिरा वाजली

शनिवारपासून तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला कुणी नावानं हाक मारत नाही. 'पाव्हणं' म्हणतात. सकाळी उठून बघतो तर, 'गुड मॉर्निंग पाव्हणं, तिकडं सगळं बरं हाय न्हवं?' आणि खाली तो ११ सेकंदांचा व्हिडिओ, परत एकदा. त्यात शनिवारच्या फुटबॉल मॅचला मी उभा आहे, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवतोय, तोंडभर हसतोय, आणि मागं गॅलरीत समोरच्या टीमची माणसं आमच्यावर गोल झाला म्हणून झेंडे घेऊन नाचताहेत. बाकी काही नाही त्यात. तेवढंच पुरलं.

टीमची नावं लिहिणार नाही. आमच्याकडं फुटबॉलची टीम म्हणजे पेठेतल्या तालमीची टीम. कोल्हापुरात तालमीचं नाव घेऊन एखादं वाक्य वाकडं गेलं की संध्याकाळी दारात चार मोटारसायकली उभ्या राहतात, आणि आत्ता माझ्या बाजूनं यायला एकसुद्धा मोटारसायकल नाही. म्हणून 'आमची' आणि 'त्यांची' एवढ्यावर भागवून घ्या. आमची म्हणजे ज्या पेठेत मी जन्मलो ती. त्यांची म्हणजे ज्या पेठेतली माझी बायको आहे ती. मध्ये एक रस्ता, तो पण अरुंद.

झालं असं की ऑफिसातनं थेट गेलो. अंगात फिकट निळा शर्ट, ना आमचा रंग ना त्यांचा. तिकीट आधीच मित्राकडनं घेतलेलं, ३० रुपयांचं. खासबागेकडं गाडी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं गेली आणि शाहू स्टेडियमला पोचलो तर आमच्या बाजूचं गेट बंद. "फुल झालंय, तिकडनं जावा." म्हटलं तिकडनं म्हणजे कुठनं? तर त्या माणसानं हात असा गोल फिरवला की त्यात स्टेडियम, खासबाग आणि अर्धी मंगळवार पेठ येत होती. तिकिटावर तारीख आणि किंमत सोडून काही नाही. गॅलरी कुठली, बाजू कुठली, काही नाही. ३० रुपयांत एक अक्षर जास्त छापलं असतं तर आज मी सुखानं जेवत असतो.

तिकडच्या गेटातनं आत शिरलो, मागनं लोंढा आला, त्या लोंढ्यानं मला सहा पायऱ्या वर नेऊन ठेवलं आणि मान वर करून बघतो तर चहूबाजूला त्यांचे झेंडे. हलगी त्यांची, घुमकं त्यांचं, घोषणा त्यांच्या. समोर, ग्राउंडच्या पलीकडं, आमची पोरं मुंगीएवढी दिसत होती. परत फिरावं म्हटलं तर गेट लावून घेतलेलं.

इथं जरा थांबून एक गोष्ट सांगतो, कारण ह्या प्रकाराला मोठं नाव आहे हे मला माझ्या भाच्यामुळं कळलं. भाचा रात्र रात्र जागून इंग्लंडचा फुटबॉल बघतो. तो म्हणतो मामा, तू 'अवे एंड'ला बसलास. तिकडं म्हणे पाहुण्या टीमच्या लोकांसाठी वेगळा कोपराच असतो. प्रीमियर लीगचा नियम आहे, पाहुण्यांना ३,००० तिकिटं, आणि स्टेडियम बारकं असेल तर एकूण जागेच्या १० टक्के. म्हणजे बोर्नमथ म्हणून एक क्लब आहे, त्यांचं ग्राउंड ११,३०७ माणसांचं, तिथं पाहुण्यांच्या वाट्याला अकराशेच्या आसपास येतात. मग ती मिळवायला मारामारी. लांबलांबच्या मॅचला किती वेळा गेलास त्याचे पॉइंट असतात, पॉइंट जास्त त्याला तिकीट आधी. २०१६ पासून पाहुण्यांच्या तिकिटाला ३० पौंडाच्या वर लावता येत नाही. मी म्हटलं बघ, आमचं पण ३०च. तो म्हणाला मामा, पौंड. म्हणजे तीन हजाराच्या वर. तर असू दे. पण तीन हजारात त्यांना कुठं बसायचं ते छापून मिळतं.

लुटन नावाचा क्लब २०२३ ला प्रीमियर लीगमध्ये चढला तेव्हाचा फोटो पण दाखवला त्यानं. पाहुण्यांची एंट्री चक्क घरांच्या ओळीतनं. म्हणजे चाळीसारखी घरं एकाला एक चिकटून, त्यात मध्येच गेट, आत गेलं की लोखंडी जिना, आणि जिना चढताना खाली लोकांची परसदारं. सगळं जग ते बघून आश्चर्य करत होतं म्हणे. मला काही विशेष वाटलं नाही. आपल्याकडं निम्म्या गल्ल्या एकमेकांच्या परड्यातनंच जातात. पण तिथं दुसऱ्याच्या कोपऱ्यात चुकून सापडलास तर सिक्युरिटीवाला येतो आणि बाहेर काढतो. बघा, बाहेर काढतो. माझी एवढीच इच्छा होती.

आपल्याकडं कसलं होम आणि कसलं अवे. सीनियर लीगला १६ टीम, आणि सगळ्यांना मिळून ग्राउंड एकच, शाहू स्टेडियम. पाटाकडील खेळू दे, दिलबहार खेळू दे, शिवाजी तरुण मंडळ खेळू दे नाहीतर फुलेवाडी, सगळे तिथंच. त्यामुळं प्रवास काही नसतो. घरातनं चालत निघायचं आणि दहा पायऱ्या डावीकडं बसलास की परका. गॅलरीत रेघ मारलेली नसते, पण ती कुठं आहे हे शेंबड्या पोराला माहिती असतं. मला पण माहिती होतं, मला कुणी विचारलंच नाही.

आता आबा.

पांढरी टोपी, पट्ट्यापट्ट्याचा शर्ट, वय सत्तरच्या पुढं. खाली घडी घातलेलं साखरेचं पोतं. मार्चचं ऊन, पायरी अशी तापलेली की भाकरी टाकली असती तर फुगली असती. मी अवघडून उभा आहे हे बघून त्यांनी पोत्याची घडी उलगडली, अर्धं माझ्याकडं सरकवलं. "बसा की. पायरी भाजतीया." बसलो. तिथंच फसलो, कारण एखाद्याच्या पोत्यावर बसल्यावर त्याच्याशी खोटं बोलायला जड जातं आणि खरं बोलायची तर सोय नव्हती.

"कुठलं?"

"इथलाच."

"हितलं म्हंजे?"

"कोल्हापूर."

"ते शर्टावरनं दिसतंय. पेठ?"

आता बघा, जन्मपेठ सांगितली असती तर हा लेख मी सीपीआर हॉस्पिटलमधनं लिहिला असता. म्हणून म्हटलं, "सासुरवाडी इथलीच." ह्यात खोटं काही नाही, आहेच. पण आबांनी ते वाक्य घेतलं आणि वळून मागच्या सगळ्या पायऱ्यांना ऐकवलं, "आरं सरका जरा, जावई हाय आपला!" वीस-पंचवीस माणसं सरकली. कुणीतरी शेंगांची पुडी पुढं केली. एकानं माझ्या खांद्यावर त्यांच्या रंगाचा रुमाल टाकला. लग्नात मला एवढा मान मिळाला नव्हता.

एक लक्षात आलं का, आबा मॅच बघतच नव्हते. सगळं गाव चेंडूकडं बघत होतं आणि आबा माझ्याकडं. तिरपे. तंबाखू मळत.

त्यांच्या टीमनं पहिला गोल केला. गॅलरी उसळली. मी पण उठलो, म्हटलं नाटक तर नाटक.

"जावई," आबा म्हणाले, "टाळी उशिरा वाजली."

"ऊन डोळ्यावर होतं, दिसलं नाही नीट."

"टाळी डोळ्यानं वाजिवत्यात?"

मग परीक्षा सुरू झाली. "सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं आपल्या कोल्हापूरचं कोण खेळलं?" म्हटलं अनिकेत जाधव. "साल?" २०१७. "हं. ते काय, शाळंतल्या पोराला बी येतंय. आता सांगा, आपला तीन नंबरचा बॅक आदी कुठं खेळायचा?" आता हा प्रश्न मला विचारायचाच नव्हता हो. तो बॅक गेल्या सीझनला आम्हाला सोडून गेला. आमच्याकडं वाढला, आमच्या तालमीत जेवला, आणि गेला. तोंडातनं निघालंच, "आम..."

"काय?"

"आम... आमच्या ऑफिसातलं एक पोरगं सांगत होतं, कुठलं तरी नाव, विसरलो बघा."

"असं," आबा म्हणाले, आणि तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली.

पाच मिनिटांनी आमच्या नायजेरियन फॉरवर्डनं पंचवीस यार्डावरनं असा हाणला की चेंडू बारवर आदळून वर गेला. मी ताडकन उठलो. "आयला!" आणि मग कळलं की आख्ख्या गॅलरीत मी एकटाच उभा आहे.

"हे कशासाठी?"

"वाचलो की आबा! थोडक्यात वाचलो."

"वाचला म्हंजे माणूस खाली बसतोय. छातीवर हात ठिवतोय. तुमी उटला."

ह्या माणसानं पोलिसात असायला पाहिजे होतं. नंतर मी दोन्ही हात मांड्यांखाली घालूनच बसलो. दुसरा गोल झाला, त्यांचाच, तेव्हा म्हटलं आता उशीर नको, आता असं करू की ह्यांच्या शंका फिटतील. पहिला उठलो. हात वर, दात बाहेर. पुढच्या पायरीवरचं एक पोरगं मोबाईल धरून उलटं उभं होतं, ते मला दिसलं होतं, पण वाटलं सेल्फी घेतंय. ते ११ सेकंद हेच.

आणि मग आमचा गोल झाला. काय गोल होता तो. उजवीकडनं क्रॉस, डोकं, जाळी. पलीकडं आमची गॅलरी पेटली. मी दगड. श्वास नाही, पापणी नाही. दोन सीझन ह्या टीमविरुद्ध गोल नव्हता आमचा, आणि झाला तेव्हा मी शत्रूच्या पोत्यावर, तोंडात शत्रूच्या शेंगा.

"पाय हालला," आबा म्हणाले.

"मुंग्या आल्यात."

"येकाच पायाला?"

२-१ नं हरलो. मॅच संपल्यावर हुल्लड नको म्हणून पोलिसांनी एक बाजू आधी सोडली, दुसरी थांबवली. आम्ही थांबलेल्यांत. म्हणजे 'ते' थांबलेल्यांत. बघा, मला पण आता कळेना झालंय. गर्दी पातळ झाली, आबांनी टोपी झटकली आणि पहिल्यांदा मला अरेतुरे केलं.

"थोरला भाऊ लेफ्ट आऊटला खेळायचा न्हवं तुझा?"

मी गप्प.

"चाल तसलीच हाय. गेटातनं आत आलास तवाच वळाकलं."

"मग बोलला का नाही?"

"बोललो आस्तो तर पोरांनी काय केलं आस्तं? म्हणून म्हटलं बसू दे जावई म्हणून." जरा थांबून म्हणाले, "आनि मजा बी आली."

"आणि व्हिडिओ? तो कुणी काढायला सांगितला?"

आबांनी टोपी नीट बसवली आणि रिकाम्या ग्राउंडकडं बघत राहिले.

आता हे कोण ऐकणार? तालमीत सांगितलं तर म्हणतात, पाव्हणं, ष्टोरी चांगली हाय. मी म्हटलं अरे वर्ल्ड कप आला की तुम्ही गल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लावता, ज्या देशाचा माणूस कधी बघितला नाही त्याच्यासाठी कटआउट उभे करता, ते चालतं, आणि मी रस्त्यापलीकडच्या माणसासाठी जीव वाचवायला दोन टाळ्या वाजवल्या तर फितूर? तर एक म्हणाला, ब्राझील आपल्या ग्रुपात न्हाई. ह्याला काय बोलणार. चिडायला झालंय खरं सांगतो. वीस वर्षं वर्गणी दिली, पावसात झेंडा धरला, एकदा टीमच्या पोरांना घेऊन जाताना गाडीचं सायलेन्सर फुटलं त्याचे पैसे अजून कुणी दिले नाहीत, आणि ११ सेकंदांत 'पाव्हणं'. गेटवर "तिकडनं जावा" म्हणणारा आपल्याच तालमीचा होता हे पण काल कळलं. त्याला कुणी काही म्हणत नाही. तो ग्रुपचा ॲडमिन आहे.

घरात वेगळंच. मेव्हण्यानं व्हिडिओ बायकोला पाठवला, बायकोनं तो स्टेटसला ठेवला. सासूबाईंचा फोन आला, नऊ वर्षांत पहिल्यांदा कारणाशिवाय. "जावईबापू, लई बरं वाटलं." रविवारी जेवायला बोलावलंय, तांबडा-पांढरा आहे म्हणे.

आणि ते पोतं. निघताना गर्दीत आबांनी माझ्या काखेत कोंबलं, "राहू दे तुझ्याजवळ, पुढच्या मॅचला घिऊन ये." मी घेऊन आलो, तेव्हा काही सुचलंच नाही. आता ते दाराच्या मागं आहे. आईनं काल त्यात बटाटे भरायला घेतले तर मी ओरडलो, तसं नको, परत द्यायचंय. कुणाचं आहे म्हणाली. आता काय सांगू? पुढच्या शनिवारी त्यांची मॅच आहे, आमच्याशी नाही, दुसऱ्याच कुणाशी. पोतं द्यायला जावंच लागणार, नुसतं गेटवर देऊन येता येणार नाही, आत जावं लागणार, आणि आत गेलो तर आबा अर्धं पोतं सरकवणार.