कासविंद्याच्या बियांची कॉफी: फिरणाऱ्या संदेशातले दावे

कासविंदा म्हणजे पडीक जागी उगवणारे शेंगांचे झुडूप. ‘कासविंद्याच्या बिया भाजा, दळा, रोज दोन चमचे उकळून प्या. कॅफीन नाही, लिव्हर साफ होते, मुलांनाही द्या,’ असा संदेश सगळीकडे फिरतो आहे. त्यात कॅफीन नाही एवढेच खरे आहे.

‘भाजल्यावर विष उरत नाही.’ उष्णतेने विषारीपणा कमी होतो, पण किती कमी झाला हे घरच्या कढईत कळायला मार्ग नाही. बी जेमतेम 4–5 मिमीची, कवच टणक. मोठ्या आचेवर ती बाहेरून काळी पडते आणि आत कच्ची राहते. कॉफीसारखा वास भाजण्याने येतो. त्यावरून बी निर्धोक झाली असे ठरत नाही.

‘लिव्हर साफ होते.’ बियांतली अँथ्राक्विनोन द्रव्ये मोठ्या आतड्याला चाळवतात, म्हणून पोट सुटते. त्यालाच लोक ‘साफ होणे’ समजतात. यकृताला तर या बिया थेट इजा करतात. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी शेंगा पिकण्याच्या दिवसांत लहान मुले उलट्या, झटके, बेशुद्धी होऊन दगावत. अनेक वर्षे तो मेंदूज्वर मानला गेला. बिजनौरमधल्या अभ्यासाने 2007 मध्ये कासविंद्याच्या शेंगांकडे बोट दाखवले: यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींना एकदम इजा होत होती. गुरांच्या खाद्यात या बिया मिसळल्या तर स्नायू झिजतात, लघवी गडद होते, जनावर उठत नाही. अशी बी मुलांना द्या म्हणणे भयंकर आहे.

‘जपानमध्ये रोज पितात.’ तिथला ‘हाबू-चा’ नावाचा चहा मूळचा कासविंद्याचा, पण आज तो बहुतेक टाकळ्याच्या (पावसाळ्यात ज्याची भाजी करतात त्या झुडपाच्या) जवळच्या जातीच्या बियांपासून करतात. टाकळ्याच्या बियांपासून काढलेल्या कॅशिया गम या खाद्यपदार्थ दाट करणाऱ्या डिंकातही कासविंद्याची भेसळ 0.05 टक्क्यापेक्षा कमीच चालते, म्हणजे किलोमागे अर्धा ग्रॅमही नाही.

‘आयुर्वेदात आहे.’ आहे, कासमर्द या नावाने. कास म्हणजे खोकला, आणि त्यावर वापर मुख्यतः पाल्याचा. रोज दोन चमचे बियांची कॉफी हा त्या वापराचा भाग नाही.

‘टाकळा आणि हा एकच.’ सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. टाकळ्याची पाने गोल टोकाची, बहुधा तीन जोड्या. शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी. बी तिरकी कापल्यासारखी, चकचकीत. कासविंद्याची पाने टोकदार, चार ते सहा जोड्या, चुरडली की उग्र वास. पानाच्या देठाच्या तळाशी गडद गाठ. शेंग चपटी, 8–12 सेमी, मध्ये तपकिरी आणि कडांना फिकट. बी चपटी, गोलसर. टाकळ्याची भाजी खुडताना देठाची गाठ आधी पाहा. कासविंद्याचे झाड शेंगा धरण्याआधीच उपटावे.

मुलाने बिया खाल्ल्याचा संशय आला तर उलटी काढायला लावू नका. यावर उतारा नाही. झटके येण्याची वाट न पाहता शेंगेसकट फांदी घेऊन दवाखाना गाठा आणि ‘कासविंद्याच्या बिया खाल्ल्यात’ हे डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर तपास मेंदूज्वराच्या वाटेने जातो.