ओव्हरड्राइव्ह बंद केलं की भागतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मोठ्या टायरांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची तिखट प्रतिक्रिया वाचली. उत्तराला दोन दिवस लागले, कारण तुमच्या एका मुद्द्यावर बोलण्याआधी मला खडू घेऊन माझ्याच गाडीखाली वाकायचं होतं.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमच्या पिकअपला मूळचे २९ इंची टायर होते, आता ३५ चे आहेत. गिअरबॉक्स ४एल६०-ई, चार गिअरची ऑटोमॅटिक. क्राऊन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधली दातेरी जोडी, तुमच्याच शब्दांत, '३.७३ असावं', म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे) ३.७३ फेरे. अशा गाडीला ४.५६ चं क्राऊन-पिनियन टाका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की लिव्हर तिसऱ्यावर ठेवून ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे आरपीएम खाली ठेवणारा चौथा गिअर) बंद केलं तर ३.७३ चं काम ५.१३ सारखं होतं, तेही फुकटात. दुसरं, आरपीएम कमी तर इंधन कमी, मग मी इंजिन जास्त पळवायला का सांगतोय? आणि तिसरं, ३५ चा टायर खरा ३५ भरतच नाही, म्हणजे माझा लेखातला आरपीएमचा अख्खा तक्ता चुकला.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वेगळा आणि गाडीचं वजन अंगावर घेऊन लोळणारा टायर वेगळा. सपाट फरशीवर टायर जिथे टेकतो तिथे खडूची रेघ मारली, तीच जमिनीवर ओढली, गाडी ढकलत चाकाचा एक पूर्ण फेरा केला आणि पुन्हा रेघ मारली. टेप लावली तर २७२ सेंटिमीटर. त्याला ३.१४ ने भागा, मग २.५४ ने, की व्यास येतो ३४.१ इंच. जवळपास एक इंच गायब! मग अडगळीतून जुना २९ चा टायर काढला, तो चढवून मोजला. २२६ सेंटिमीटर, म्हणजे २८.३ इंच.

आता गंमत बघा. छापील आकड्यांनी ३५ भागिले २९ म्हणजे १.२०७. मोजलेल्या आकड्यांनी १.२०५. दोन्ही टायर सारखेच दबले, त्यामुळे त्यांच्यातलं प्रमाण जागच्या जागी राहिलं. ३.७३ ला या प्रमाणाने गुणलं की मूळच्या गाडीसारखी ओढ मिळायला किती क्राऊन-पिनियन लागेल ते कळतं: आधी ४.५० येत होतं, आता ४.४९. बाजारात त्याच्या सर्वांत जवळचं मिळतं ते ४.५६ च. तक्त्यातले आरपीएमचे आकडे मात्र चुकले होते, ते आज दुरुस्त केलेत. तुमचे आभार.

आता मुख्य भांडण. वेग किलोमीटरमध्ये घ्या, त्याला क्राऊन-पिनियनच्या गुणोत्तराने, मग गिअरच्या गुणोत्तराने, मग २०९ ने गुणा आणि टायरच्या इंचांतल्या व्यासाने भागा. इंजिनाचे आरपीएम मिळतात. या गिअरबॉक्सचे चार गिअर ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. मूळच्या टायरांवर १०० च्या वेगाला ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन साधारण १९३० ला फिरत होतं. मोठे टायर चढवल्यावर तेच १६०० वर आलं. तुम्ही लिव्हर तिसऱ्यावर आणली की २२९० होतात. ४.५६ टाकून ओव्हरड्राइव्हमध्ये चालवली तर १९६०.

५.१३ ला ०.७० ने गुणलं की ३.५९ येतात, त्यामुळे 'तिसऱ्यातलं ३.७३ म्हणजे ओव्हरड्राइव्हमधलं ५.१३' हे तुमचं वाक्य फारसं चुकीचं नाही. पण ५.१३ टाका असं मी म्हटलंच कुठे? तुमच्याकडे आता दोनच पायऱ्या उरल्यात, १६०० आणि २२९०. कंपनीने ही गाडी १०० ला जिथे पळावी म्हणून गिअर निवडले, ती जागा नेमकी या दोघींच्या मधल्या रिकाम्या फटीत पडली आहे.

आणि हा झाला फक्त मोकळ्या रस्त्याचा हिशोब. पहिल्या गिअरचं काय? ३.०६ गुणिले ३.७३ म्हणजे ११.४. मोठ्या टायरांमुळे त्याचा जोर जुन्या हिशोबात ९.५ इतकाच उरतो. १७ टक्के ओढ गेली. लिव्हर तिसऱ्यावर असो नाहीतर चौथ्यावर, गाडी जागेवरून उचलताना पहिलाच गिअर पडतो आणि तो तितकाच कमजोर राहतो. ४x४ लो मध्येही तेच. माझ्या ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्याचं) लो गुणोत्तर २.७२ आहे. त्याने पूर्वी ३१ पट जोर मिळायचा, तो मोठ्या टायरांवर २६ च्याही खाली गेला. दगडांवरून इंच-इंच उतरताना हा फरक ब्रेकवरच्या पायाला कळतो.

रिव्हर्सचं तर कुणी नावच काढत नाही. मला हे सगळं पटलं ते हायवेवर नाही, मागे जाताना. ट्रेलर जोडलेला, मागे चढ, आणि तो उलटा चढवायचा होता. रिव्हर्सचं गुणोत्तर २.२९, म्हणजे पहिल्यापेक्षाही कमी ओढीचं. ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन गुरगुरलं, गाडी जेमतेम वीतभर सरकली आणि थांबली. पुन्हा दाबला. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला खिडकीतून जळक्या तेलाचा वास आला. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) आत नुसता घुसळत होता, इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचण्याऐवजी गिअरबॉक्सचं तेल तापवण्यात चालली होती. तिथे ओव्हरड्राइव्हचं बटण, लिव्हर, काहीही दाबा, उपयोग शून्य. ४.५६ टाकल्यावर तोच चढ, तोच ट्रेलर, गाडी पहिल्या दमात मागे गेली.

इंधनाबद्दल. तुमचे दोन मुद्दे एकमेकांच्या पायात पाय घालतात, हे आधी सांगतो. ओव्हरड्राइव्ह बंद करा म्हणजे २२९० ला पळवा, आणि आरपीएम कमी तर इंधन कमी, ही दोन्ही एकाच गाडीत कशी बसवायची? आरपीएम कमी असले की इंजिनातलं घर्षण कमी, ॲव्हरेज चांगलं, हे सपाट रस्त्यावर आणि हलक्या पायाला खरं आहे. पण उंच केलेली, रुंद टायरांची पिकअप हवा ढकलायला जेवढी ताकद मागते तेवढी मागतेच. ती १६०० ला द्यायची तर थ्रॉटल बराच उघडावा लागतो. जरा चढ आला की पेट्रोल इंजिन मिश्रण दाट करतं, कन्व्हर्टरचं लॉक सुटतं, गिअर तिसऱ्यात येतो, चढ संपला की परत चौथ्यात. मग पुढचा चढ. या येरझाऱ्या मी एका लांब घाटात मोजायला लागलो होतो, नंतर कंटाळून सोडून दिल्या. या गिअरबॉक्समध्ये प्रत्येक वेळी चौथा पडताना एक बँड आवळला जातो आणि तिसरा पडताना सुटतो. त्या बँडच्या झिजण्याची किंमत ॲव्हरेजच्या हिशोबात कुणी धरत नाही.

आता तुमचे स्वतःचे आकडे घ्या. जुन्या टायरांवर लिटरला ८ किलोमीटर, नव्यांवर ओव्हरड्राइव्हमध्ये साडेसहा आणि ओव्हरड्राइव्ह बंद करून ६. 'फक्त अर्ध्याचा फरक,' असं तुम्ही लिहिलंय. स्पीडोमीटर दुरुस्त करून घेतला का? घेतला नसेल तर गाडी १०० ला पळताना काटा ८३ दाखवतोय, आणि किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातायत. म्हणजे तुमचे साडेसहा खरे ७.८ आहेत, आणि ६ हे खरे ७.२. मोठ्या टायरांनी ॲव्हरेज खाल्लं असं तुम्हाला वाटत होतं ते बरंचसं मीटरने खाल्लंय. ओव्हरड्राइव्ह बंद केल्याचा तोटा मात्र खरा आहे. (शिवाय काटा ८३ दाखवतोय म्हणून निवांत चालवू नका. दंडाच्या पावतीवर १०० च लिहिले जातात.)

एका बाबतीत मी माझा सूर मऊ करतो. 'ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून चालवणं म्हणजे दुखण्यावर पांघरूण' असं मी लिहिलं होतं. कायमचा उपाय म्हणून ते अजूनही खरं वाटतं. पण मागे ट्रेलर आहे, चढ लागलाय आणि गिअर वरखाली नाचतोय, तर खुशाल बंद करा. उतारावरही करा, म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवतं. कन्व्हर्टर लॉक राहत असेल आणि गिअर नाचत नसेल तर ओझं असतानाही ओव्हरड्राइव्हमध्ये चालवायला हरकत नाही. पाच गिअरच्या मॅन्युअलवाल्यांना हा वादच समजणार नाही, ते गुपचूप चौथा टाकतात.

आठ-दहा गिअरच्या नव्या ऑटोमॅटिकांना माझा सल्ला तितकासा लागू नाही, हेही लेखात यायला हवं होतं. त्यांचा पहिला गिअर ४.७ च्या आसपास असतो आणि पायऱ्या छोट्या असतात, त्यामुळे टायर दोन-तीन इंचांनी वाढले तरी गिअरबॉक्स सांभाळून घेतो. तुमची मात्र चार गिअरची आहे आणि टायर सहा इंचांनी वाढलेत.

खर्चाबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. ४x४ असेल तर पुढचा-मागचा दोन्ही ॲक्सल एकाच गुणोत्तराचे लागतात, नाहीतर ४x४ टाकल्याबरोबर ट्रान्सफर केस ताणात येतो. काही ॲक्सलमध्ये ३.७३ च्या वर गेलं की आतला कॅरियरही (ज्यावर क्राऊन बसतं तो भाग) बदलावा लागतो. आणि काम हलक्या हाताचं नाही. माझं पहिल्यांदा केलं त्या मेकॅनिकने पिनियनची खोली अंदाजाने धरली. ८० ला पाय उचलला की मागून बारीक किंकाळी यायची. कव्हर उघडून दातांना पिवळी पेस्ट लावून फिरवलं, तर ठसा दाताच्या मधोमध यायच्या ऐवजी पार आतल्या टोकाला चिकटलेला. शिम (खोली ठरवणाऱ्या पातळ चकत्या) बदलून सगळं परत बसवावं लागलं. तेव्हा काम देताना डायल गेज लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजणार का आणि ठसा दाखवणार का, हे आधीच विचारा. नवे दात बसेपर्यंत ओझं ओढू नका आणि पहिल्या ८०० किलोमीटरनंतर तेल बदला.

५.१३ च्या मोहात पडू नका, हे वेगळं सांगतो. माझ्या ॲक्सलला मिळणाऱ्या सेटांत ३.७३ म्हणजे ४१ दातांचं क्राऊन आणि ११ दातांचं पिनियन, ४.५६ ला पिनियनवर ९, ५.१३ ला फक्त ८. दात कमी तसं पिनियन बारीक आणि नाजूक. त्यात प्रॉपेलर शाफ्ट जास्त वेगाने फिरतो. ४.५६ वर १०० ला तो २८०० च्या आसपास फिरतो, ३.७३ वर २२९० ला फिरायचा. याची चांगली बाजू म्हणजे चाकाला तेवढाच जोर द्यायला शाफ्ट आणि गिअरबॉक्सवर १८ टक्के कमी पीळ पडतो. वाईट बाजू म्हणजे गाडी उंच करून शाफ्टचा कोन बिघडवलेला असेल तर थरथर वाढते.

शेवटी तुम्ही विचारलंय की ४.१० चाललं नसतं का. ३३ च्या टायरांवर मी तेच सुचवलं असतं. ३५ वर १०० ला १७६० आरपीएम मिळतात. ट्रेलर वर्षातून दोनदाच जोडत असाल तर चालेल, पण तेवढाच खर्च करून अर्ध्यावर थांबणं मला पटत नाही.

पण ऑर्डर देण्याआधी ते 'असावं' तपासा. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने काय बसवलंय याचा भरवसा नसतो. जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक सोडा, मागचं एकच चाक जॅकवर घ्या. डिफरन्शियल साधं असेल, दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉकर नसेल, तर ते चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि दुसऱ्या कुणाला शाफ्टवर खडूची खूण करून फेरे मोजायला सांगा. पावणेचारच्या किंचित आत थांबला तर ३.७३. चारच्या थोडं पुढे गेला तर तुमच्या गाडीत ४.१० आधीपासूनच आहे, आणि मग वरचा सगळा हिशोब आपल्याला परत मांडावा लागेल. फेरे मोजले की इथेच खाली लिहा.