कॉलमसुद्धा उजवा-डावा असतो, भाऊ

भाऊ, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले, म्हणजे उजव्या-डाव्या हातासारखे रेणू क्रोमॅटोग्राफीनं (कॉलम म्हणजे माल भरलेल्या नळीतून द्रावण सोडून मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची पद्धत) वेगळे करता येतात असं मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं की दोघांचा उकळणबिंदू एक, विद्राव्यता एक, वजन एक, मग कॉलममधून एक आधी अन् एक मागून निघेलच कसा. वर हेही विचारलं की पोलरीमीटर (प्रकाश किती कोनात फिरतो ते मोजून असे रेणू ओळखणारं यंत्र) असताना एवढा महागडा खटाटोप काऊन, आणि आपल्या सोयाबीन-पराटीच्या मुलखात याचं काम काय. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण पहिला अगदी मुळाला हात घालतो म्हणून त्याच्यावरच जास्त लिहितो.

साध्या कॉलमबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. लॅबमध्ये नेहमी वापरतात त्या सी-१८ नावाच्या साध्या कॉलममधून दोघं एकदमच बाहेर येतात, ग्राफवर एकच उंचवटा दिसतो. पण "सगळे गुणधर्म सारखे" हे कधी खरं, तर समोरची वस्तू स्वतः उजवी-डावी नसते तेव्हाच. सायकलचे दोन पायडल घ्या, काट्यावर ठेवा, लांबी मोजा, काहीच फरक नाही. मात्र डाव्या पायडलचे आटे उलटे असतात आणि ते कळतं क्रँकमध्ये फिरवायला गेलं की, कारण क्रँकलाही आटे आहेत.

कायरल, म्हणजे उजव्या-डाव्या कॉलममध्ये हेच केलेलं असतं, आतला मालच एका हाताचा, फक्त उजवा नाहीतर फक्त डावा भरतात. सिलिकाचे बारीक कण, बरेचदा ५ मायक्रॉनचे, आणि त्यावर सेल्युलोज नाहीतर अमायलोजपासून (स्टार्चमधला एक घटक) बनवलेल्या पदार्थाचा थर. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी, आणि झाड त्यात फक्त डी-ग्लुकोज ओवतं, त्याचा आरशातला जोडीदार तिथं नसतोच, म्हणून अख्खी साखळी एका हाताची. आपल्या कापसाच्या धाग्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास हेच सेल्युलोज असतं बरं का, मला ही गोष्ट फार भारी वाटते. जपानच्या योशिओ ओकामोटो यांनी १९८० च्या दशकात सेल्युलोजला कार्बामेट नावाचा अणूंचा गट जोडून जे पदार्थ केले, त्या घराण्यातले कॉलम आजही जगभर सगळ्यात जास्त चालतात.

आता आत काय होतं ते. हेक्झेन आणि आयसोप्रोपॅनॉल या द्रवांच्या मिश्रणासोबत दोन्ही रेणू त्या थरावरून जातात, हायड्रोजन बंधानं चिकटतात, सुटतात, परत चिकटतात, आणि एकाची बैठक थरातल्या खाचेत जरा बरी जमते म्हणून तो मागं राहतो. फरक किती, तर एक जण दुसऱ्याच्या १.२ पट अडकत असेल तर ऊर्जेतला फरक मोलमागे अर्धा किलोज्यूलसुद्धा भरत नाही, पण २५ सेंटीमीटरच्या कॉलमभर हे चिकटणं-सुटणं पुन्हा पुन्हा होत राहतं आणि शेवटी दोन स्वच्छ वेगळे उंचवटे दिसतात. मिश्रण निम्मं-निम्मं असलं तर दोन्ही उंचवट्यांचं क्षेत्रफळही सारखंच येतं.

तरी पटत नसेल तर हा पुरावा बघा. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या विल्यम पर्कल यांनी जे कॉलम केले ते दोन्ही हातांचे मिळतात. तोच नमुना, तेच द्रावण, फक्त उलट्या हाताचा कॉलम लावा, आधी येणारा रेणू मागून येतो अन् मागचा आधी. रेणूंमध्ये तर काहीच बदललं नाही ना? म्हणजे निवड कॉलमच करतो, दुसरं कोणी नाही.

पोलरीमीटरचं थोडक्यात सांगतो. दोन्ही रेणू प्रकाश उलट्या दिशांना फिरवतात, आणि तो दोघांची वजाबाकी दाखवतो, दोघं वेगवेगळे नाही दाखवत. शुद्ध मालात दोन टक्के उलटा मिसळला तर कोन किंचित सरकतो, आणि तो उलट्या रेणूमुळं सरकला, तापमानामुळं, का दुसऱ्या कुठल्या अशुद्धीमुळं, हे त्यावरून सांगता येत नाही. कॉलमवर तो दोन टक्क्यांचा छोटा उंचवटा बाजूला उभाच दिसतो.

आणि आपल्या मुलखाचं म्हणाल तर गावातल्या मेडिकलमधली सर्दीची गोळी घ्या, सेटिरिझिन १० मिलिग्रॅम आणि लिवोसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम, कारण दुसरीत कामाचाच हात ठेवलाय. शेतात तर याहून जवळ आहे. निंदणाला मजूर मिळत नाही म्हणून सोयाबीनमध्ये गवतासाठी आपण जे क्विझालोफॉप-पी-इथाइल फवारतो, त्या नावातला "पी" म्हणजे हाच हाताचा खुलासा, त्यातला "आर" म्हणतात त्या हाताचा रेणू गवत मारतो आणि त्याचा जोडीदार जवळपास काहीच करत नाही. कारखान्यात ते कॉलममधून वेगळं काढत नाहीत, सुरुवातीचा कच्चा मालच एका हाताचा घेऊन बनवतात, हे खरं. पण बाटलीत खरंच एकच हात आहे का, हे तपासायचं असेल तेव्हा काय करणार? साध्या कॉलमवर निम्मा निकामी असलेला माल आणि अस्सल माल दोन्हींचा आकडा सारखाच येईल, दोन्ही पास होतील, आणि फवारून झाल्यावर गवत तसंच उभं राहिलं की शेतकरी म्हणेल पाऊस आला असेल नाहीतर पाणी कमी पडलं असेल.