सगळं खापर जिमवर कशाला?

तरुणांच्या हृदय बंद पडून होणाऱ्या अचानक मृत्यूचं खापर एका लेखात जिम आणि प्रोटीन पावडरवर फोडलंय, ते काही पटलं नाही. पस्तिशीच्या आत बरेचदा मूळ दुखणं आनुवंशिक असतं: हृदयाचा स्नायू जाड होणं, नाहीतर ठोक्यांच्या विद्युत यंत्रणेतच बिघाड. आमच्या खानापूर भागात पळताना पोरगं बेशुद्ध पडलं की नाकाला कांदा लावतात, "उपाशी होतास काय रे?" म्हणतात आणि परत मैदानात! खरं तर अशा पोराचा ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) व्हायला हवा. घरात कुणी तरुणपणी असं गेलं असेल तर सख्ख्या भावंडांचाही. यात्रेतल्या कुस्त्यांना हलगी असते, मानाची गदा असते, हृदयाला शॉक देणारं एईडी मशीन मात्र दिसत नाही. कमिटीनं वर्गणीतून घ्यावं की. तोवर निदान 108 ला फोन लावून मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती दाबायला तरी पोरांना शिकवा.